परत करायची जर्सी

सव्वीस जर्स्या, बावन्न मोजे
आणि एक हेअरबँड, जो विचारलं तर कधीच कुणाचा नसतो.
एकोणीस वर्षं झाली,
नेब्रास्कातल्या या कॉलेजात मी खेळाडूंचे कपडे धुतो.
डाग बघून सांगतो कोण कुठे पडलं.
गोलकीपरची कोपरं हिरवी,
बचावातल्यांची एकच मांडी मळलेली,
मधल्या फळीतल्यांचं मात्र काहीच ठरलेलं नसतं,
त्या सगळीकडून मळून येतात.

ऑक्टोबरात शेवॉन अडोनिस आठ दिवस नव्हती.
देशाकडून बोलावणं आलं होतं.
देश म्हणजे गयाना.
जाण्याआधी तिनं साबणाच्या पावतीमागे काढून दाखवला:
ही डेमेरारा नदी, हे लिंडन,
ही बॉक्साइटची खाण, हे आमचं घर,
खाणीपेक्षा घर मोठं आलं तेव्हा स्वतःच हसली.

शनिवारी रात्री इथेच, ड्रायरच्या उबेला बसून
मी फोनवर सामना लावला.
चित्र सारखं अडकत होतं.
एकदा अडकलं ते असं:
मैदानाच्या मधोमध शेवॉन, हात लांब केलेला,
बोट उजवीकडे, जिथे कुणीच नव्हतं.
चार मिनिटं ती तशीच उभी.
मी फोन खिडकीशी नेला, टेबलावर आपटला,
चित्र हललं तेव्हा समोरच्यांचा आणखी एक गोल झाला होता.

मंगळवारी सकाळी आली, डोळे सुजलेले,
हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळी जर्सी.
"एमिल, हा डाग गेलाच पाहिजे. परत करायचीय.
नाही गेला तर चाळीस डॉलर कापतात."
मी काही बोललो नाही.
कॉलेजनं तिला सहा जोड दिलेत, बुटांचे दोन,
पाण्याच्या बाटलीवरसुद्धा नाव छापून दिलंय.
त्यातलं काहीच कुणी परत मागत नाही.

गार पाणी, व्हिनेगर, जुना टूथब्रश.
माती तांबडी, आमच्याकडे नसते तसली,
धाग्यात शिरून बसलेली, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी.
घासता घासता पाठ उलटली.
आठ आकड्याच्या वर बारीक भोकांची ओळ,
उसवलेल्या अक्षरांची.
दिव्यापुढे धरली तर वाचता येत होती.
"बॉबसेम्पल कोण?"
"माझ्याआधीची आठ नंबर. आता नर्स आहे."
"आणि तुझं नाव?"
"नावाचे पैसे वेगळे पडतात."

मला माहीत होतं, तरी विचारलं, "किती झाले?"
"सहा-शून्य."
मग एकदम माझ्या टेबलावरची झाकणं गोळा करायला लागली.
"पण थांब. एकोणसत्तरावं मिनिट.
हे निळं झाकण म्हणजे मी. ब्लीचची ही दोन म्हणजे त्या.
हे बटण म्हणजे बॉल.
बघ, इथे केवढी जागा आहे!
मी हात करून सांगतेय, पळ, पळ,
आणि ती सोळा वर्षांची पोर
बॉल कुठेय ते बघत उभी."
बटण तिनं बोटानं ढकललं.
टेबलाच्या कडेला जाऊन ते पडलं,
मशीनखाली गेलं.
"तिथे असती तर गोल होता," ती म्हणाली.
मी ते चित्र तिला सांगणार होतो,
पण तिची दहाला रसायनशास्त्राची परीक्षा होती
आणि दहाला सात मिनिटं उरली होती.

डाग गेला नाही पुरता.
फिकट विटकरी सावली राहिली बरगडीपाशी,
शोधणाऱ्यालाच दिसेल अशी.
ड्रायरमध्ये घातली नाही, दांडीवर टाकली,
सव्वीस पांढऱ्यांच्या शेवटी.

बुधवारी साबण मोजायला झाकण लागलं.
टेबलावर सगळं कालच्यासारखंच मांडलेलं.
जरा वेळ उभा राहिलो.
मग आधी समोरच्या संघाची दोन उचलली.